तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

अण्णा, तो आकडा सतराने जातो. पूर्ण जातो, बाकी शून्य. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मला हे कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता हे तुम्हाला सांगून काय उपयोग, हे मलाही समजतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर एका आकड्यावरून एवढी कशाला हादरलीस, असं विचारतील. आई असती तर तिला सांगितलं असतं. तीही नाही. तेव्हा तुम्हीच ऐका, कारण आकडा तुमचा आहे आणि माझी आजवरची सगळी अब्रू त्याच्यावर उभी होती.

मी चाकणला जाते हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हातात माप तपासायचं गेज घेऊन उभी असायची. आता गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागाची प्रमुख आहे. रोज सकाळी सांगवीहून कंपनीची बस पकडते. नवीन माणसं भरती झाली की पहिले दोन दिवस त्यांना तपासणी शिकवायचं काम माझ्याकडे असतं, आणि गेली अकरा वर्षं त्या पहिल्या दिवशी मी तुमची गोष्ट सांगत आलेय. फळ्यावर आठ वेळा तीन आणि शेवटी एक लिहिते. म्हणते, या आकड्याला कशानेच भाग जात नाही, पण मी सहावीत असताना वहीत खोटंच लिहिलं, की याला सतराने भाग जातो. वडिलांनी स्वतः भागाकार केला, बाकी तीन उरली आणि मी पकडले गेले. मग तुम्ही मला जे बोललात ते तसंच्या तसं ऐकवते, की खोटी बाकी लिहिणाऱ्या माणसाला तपासणीवर उभं करत न्हाईत. त्यानंतर न मोजता रीडिंग लिहू नका, हे सांगायला मला फार शब्द लागत नाहीत.

काल तीसेक जण होते. मोबाईल गेटवरच जमा होतात, त्यामुळे सगळे फळ्याकडे बघत होते. मागच्या बाकावर एक बाई बसली होती, जालन्याकडची, दोन लेकरांची आई, आधी कुठल्याशा पॅकिंगच्या कामाला होती. माझी गोष्ट संपली आणि तिने हात वर केला.

"मॅडम, हे तर जातंय की."

"काय जातंय?"

"सतरानं. म्या आत्ताच करून बघितलं. बाकी काहीच उरंना."

मी हसले, अण्णा. आपण नवख्या माणसाला हसतो तसं, मायेने आणि थोड्या माजाने. म्हटलं, पुन्हा करा, घाई झाली असेल. ती म्हणाली, "दोनदा केलंय. तुमीच बघा." मी तिला फळ्यापाशी बोलावलं. इथे सगळ्यांसमोर तिची चूक दाखवावी, म्हणजे धडा पक्का होईल, हाच विचार मनात होता. ती आली, पदर खोचला आणि पाढे म्हणत म्हणत एकेक आकडा मांडत गेली. एक, नऊ, सहा, शून्य, सात, आठ, चार. शेवटी एक्कावन्न उरले. सतरा त्रिक एक्कावन्न, ती म्हणाली आणि खाली शून्य काढून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातातून मार्कर घेतला आणि उलटा गुणाकार केला, एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस गुणिले सतरा. तुमचा आकडा जसाच्या तसा फळ्यावर उतरला. रकान्यात एक रीडिंग रिकामं दिसलं तर मी अख्खा लॉट परत पाठवते, त्यावरून मला लोक मागे काय काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आणि हा आकडा मी अकरा वर्षांत, अकरा कसली, चाळीस वर्षांत एकदाही भागून बघितला नव्हता. तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणून.

तो आकडा तुमच्याकडे आला कसा, ते मला तुमच्याच तोंडून पाठ आहे. पिंपरीच्या कंपनीत तुम्ही शेवटच्या तपासणीला होता. ड्रॉइंग विभागातल्या एका साहेबांनी कॅन्टीनमध्ये बसून जॉब कार्डाच्या पाठीवर तुम्हाला एक ओळ लिहून दिली. ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, असे एकूण सात आकडे. प्रत्येक वेळी पुढे एक तीन वाढवायचा, शेवटचा एक तसाच ठेवायचा. साहेब म्हणाले, यातल्या एकालाही कशानेच भाग जात नाही. शाळेत याला मूळ संख्या म्हणतात. तुम्ही 'न फुटणारा आकडा' म्हणायचात आणि मला तोच शब्द जास्त पटायचा. सातव्या आकड्यापुढे साहेबांनी तीन टिंबं दिली होती. टिंबं म्हणजे पुढेही कायम असंच, हे तुम्ही सायकलवरून काळेवाडीला घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं असणार. कारण आठवा आकडा साहेबांच्या कागदावर नव्हताच, तो तुम्ही बनवलात. त्यात तुमचा काही दोष नाही. कंपनीत रोज तेच चालायचं. सेटरने मशीन लावून दिलं की सुरुवातीचे पाच-सात नग गेजमधून जायचे, ते बरोबर निघाले की सेटिंग ओके आणि मग सगळा लॉट सुटायचा. अर्धा जन्म हेच केलेल्या माणसाला सात नग पास झाल्यावर आठव्याचा संशय येईलच कसा.

आणि तो आठवाच तुमचा लाडका. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. तुम्ही तो चहाच्या टपरीवर ऐकवायचात, पाहुण्यांना ऐकवायचात, माझ्या शाळेतल्या बाईंनाही एकदा रस्त्यात थांबवून ऐकवला होता, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आई म्हणायची, "झालं का तेहतीस कोटी देव मोजून? मग ताटं घ्या." तुम्ही हसायचात आणि ताटं घ्यायचात. बाकी कशाचं तुम्हाला एवढं कौतुक असल्याचं मला आठवत नाही, माझंसुद्धा.

तो रविवार. आई भाकऱ्या थापतेय, स्टोचा आवाज चाललाय, तुम्ही दाराशी बसून सायकलची साखळी पुसताय. मला काम दिलंय, की पन्नासच्या आतल्या मूळ संख्या ओळीने घ्यायच्या, एकेकीने या आकड्याला भागायचं आणि बाकी लिहायची. कशानेच जाणार नाही हे मला माझ्याच हाताने कळावं, असा तुमचा बेत. मी सातने भागते, दोन उरतात. अकराने, एक उरतो. तेराने, सहा. बाहेर मुलींनी लंगडीचा डाव मांडलाय आणि माझ्या नावाने हाका चालल्यात. अजून सतरा, एकोणीस, तेवीस, पार सत्तेचाळीसपर्यंत जायचंय. मग मला युक्ती सुचते. एकाने जरी भाग गेला तरी आकडा फुटला, म्हणजे काम संपलं. मी सतरासमोर शून्य लिहिते, वही तुमच्यासमोर ठेवते आणि चप्पल शोधायला लागते. सतराच का, याला काही कारण नाही. तेरानंतर सतरा येतो, एवढंच.

तुम्ही ओरडत नाही. हाताचं ऑइल फडक्याला पुसता, भागाकार कुठाय म्हणून विचारता, मी म्हणते खोडला. मग वहीचं मागचं पान फाडून घेता, माझीच पेन्सिल घेता आणि खिडकीकडे तोंड करून बसता. मला फक्त तुमची पाठ दिसते. पाढे पुटपुटल्याशिवाय तुम्हाला भागाकार होत नसे, तीसपर्यंतचे पाढे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी यायचे. पेन्सिल चालते, चालते आणि थांबते. नंतर कितीतरी वेळ तुम्ही तसेच बसून आहात. आई म्हणते, "आवो, भाकरी गार हुतीय." तुम्ही कागदाची घडी करता, शर्टाच्या खिशात घालता आणि माझ्याकडे वळता.

"तीन उरत्यात," तुम्ही म्हणता. "सात नग ओके निघाले आन् आठवा फुटंल व्हय? तू भागलंच न्हाईस."

मी मान खाली घालते, कारण खरंच भागलेलं नाही. मग ते तपासणीवर उभं करण्याबद्दलचं वाक्य. शेजारच्या काकू दारात उभ्या आहेत, त्यांच्यासमोर. त्या दिवसानंतर मी कुठलीही न मोजलेली गोष्ट मोजली म्हणून लिहिलेली नाही, अण्णा. लग्न ठरवताना स्थळाच्या माणसांना माझं वय एक वर्ष कमी सांगायचं आईने घाटलं होतं, तर मी बैठकीतच खरं सांगून टाकलं आणि आई महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. सगळं त्या तीन बाकीच्या जोरावर.

आणि आता मला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आठवतेय. तुम्ही पहिली पाळी करून आलात ते पिंपरी कॅम्पातून माझ्यासाठी कंपास पेटी घेऊन. पत्र्याची, आत कर्कटक, कोनमापक, कोरी पेन्सिल. आईने विचारलं, हे कशाबद्दल. तुम्ही म्हणालात, "लागंल तिला," आणि हातपाय धुवायला गेलात. मी ती पेटी चाळीस वर्षं तुम्ही मला दिलेली माफी समजत आले. पण कालपासून मला वेगळंच वाटतंय. आदल्या दिवशी चारचौघांत खोटारडी ठरलेल्या पोरीला बक्षीस कुणी आणतं का? आणि आकडाही त्या दिवसापासून आपल्या घरातून गेला. टपरीवर नाही, पाहुण्यांत नाही. मामा एकदा म्हणाला, ते तेहतीस कोटी ऐकवा की दाजी, तर तुम्ही म्हणालात, इसरलो. नापास झालेल्या नगाचं माप तुम्ही दोन-दोन वर्षं विसरत नव्हता. आठ वेळा तीन आणि एक, हे विसरण्यासारखं आहे का?

काल घरी आले ती चहासुद्धा न घेता कागद घेऊन बसले. आधी त्या ओळीचाच निकाल लावला. नववा आकडा सहाशे त्र्याहत्तरने फुटतो. दहावा तीनशे सातने. सतराचं तर वेळापत्रकच आहे, आठव्या जागी येतो, मग चोविसाव्या, मग चाळिसाव्या, दर सोळा घरांनी बरोबर हजर. गिअरचा एक दात तुटला की ठरावीक फेऱ्यांनी खोट येते ना, तसा. आणि याहून कहर म्हणजे ओळीतला पहिलाच नग, तो एकतीस, तोच पुढे जाऊन सोळाव्या आकड्याला फोडतो. म्हणजे ही ओळ कायम ओके राहणं शक्यच नव्हतं, खोट पहिल्या नगातच होती. साहेबांचे सातही आकडे मात्र अगदी पक्के आहेत, त्यांना खरंच कशानेच भाग जात नाही. सात नग पास आणि आठवा नापास. अख्ख्या नोकरीत मी असा लॉट बघितला नाही.

मग मी तुमच्या तीनकडे वळले. चूक सापडली की ती कशी झाली हे शोधायचं, हे आमच्याकडे सक्तीचं आहे. तुम्ही कुठे घसरला असाल, ते एकेक करून बघितलं. एक तीन जास्त लिहिला गेला तर बाकी चार येते. शेवटच्या एकच्या जागीही तीन लिहिला तर दोन. उत्तरातला मधला शून्य विसरला तर बाकीला काहीच होत नाही. मग एक तीन कमी लिहून बघितला. म्हणजे तुमचा आठवा आकडा नाही, साहेबांच्या कागदावरचा सातवा. सतरा चोक अडुसष्ट, एकाहत्तरातून गेले, खाली तीन. मी पेन ठेवलं, उठले, तोंड धुतलं, परत येऊन पुन्हा भागलं. तीनच. तुमची बाकी खोटी नव्हती, अण्णा. ती मागच्या नगाची होती.

मागच्या नगाचं रीडिंग पुढच्या रकान्यात. हे आमच्याकडे दोन कारणांनी होतं, तुमच्याकडेही तेच असणार. एकतर माणूस दमलेला असतो, नजर एक ओळ वर जाते आणि हात आपोआप तेच लिहितो. नाहीतर समोरचा नग नापास निघालेला असतो, तो कुणाला दाखवायचा नसतो आणि अगदीच मनाचं रीडिंग लिहायला माणसाचा हात धजत नाही. तेव्हा तो मागचं एक खरं रीडिंग उचलतो. कागद बघून यातलं कुठलं झालं ते कधीच सांगता येत नाही. मी दोन्ही प्रकारची माणसं पकडली आहेत, दोघांचाही चेहरा सारखाच असतो.

तुम्ही पाठमोरे बसून किती तीन मांडलेत, हे मला कळायला एकच वाट होती. आकडा लिहिताना तुम्ही तो तोंडाने वाचायचात. सात तीन असते तर तुम्ही तीन कोटी तेहतीस लाख म्हटलं असतं, आठ असते तर तेहतीस कोटी. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि माझं लक्ष सगळं बाहेर लंगडीकडे होतं. ऐकलं असेलही, आठवत नाही. काल संध्याकाळपासून मी ते आठवायचा प्रयत्न करतेय आणि दर वेळी मला हवं तेच ऐकू येतं, कधी तीन कोटी, कधी तेहतीस. अशा साक्षीदाराला मी माझ्या विभागात एक मिनिट उभं केलं नसतं. तुम्हाला शून्य दिसलं असेल तर ते दडवून मला का खोटी पाडलीत, तुमचा आकडा वाचवायला, की माझी खोटं लिहायची सवय मोडायला, हे मला कोण सांगणार आहे. आणि दिसलंच नसेल, तर मी भलत्याच माणसावर संशय घेऊन बसलेय. दोन्ही विचारांनी मला सारखंच कसंतरी होतंय.

आज ट्रेनिंगचा दुसरा दिवस होता. कालचे कागद मी फाईलमध्ये घालून नेले होते. आकडा सतराने जातो, मी कधी तपासलं नाही, चूक माझी, हे मी उभी राहिल्याबरोबर सांगितलं. ते सांगताना जड गेलं नाही. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग त्या बाईंनी पुन्हा हात वर केला.

"मॅडम, येक इचारू का? मग तुमच्या वडलांना तीन कुठनं आले?"

उत्तर माझ्या फाईलमध्ये होतं. सातवा आकडा फळ्यावर मांडायचा आणि जे झालं असेल त्याच्या दोन्ही शक्यता सांगायच्या. मागच्या नगाचं रीडिंग, हा तर आजचाच धडा होता. तीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"वडील फार शिकलेले नव्हते," मी म्हटलं. "त्यांचा भागाकार कच्चा होता."

"व्हतंय मॅडम," ती समजुतीने म्हणाली. "माझ्या बापाला तर आकडेबी वळखू येत नव्हते." दोघातिघांनी माना हलवल्या. मी गेज कसं धरायचं ते दाखवायला लागले. नंतर जेवणाच्या सुट्टीत सांगता आलं असतं, सुटायच्या आधी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उद्यापासून ते सगळे आपापल्या मशीनवर जातील आणि पुन्हा एका खोलीत भेटायचे नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला भागाकार येत होता, हे तिथे फक्त मला माहीत होतं. तुम्ही खोटं बोलला असाल असं त्यांना वाटण्यापेक्षा, तुम्ही अडाणी होता असं वाटलेलं मला चाललं.